आदर्शवाडीच्या सरपंचबाई

सुवार्ता शांतवन कसबे हे नाव एका दमात बरोबर लिहिणारा माणूस बेल्ह्याच्या पंचक्रोशीत अजून सापडलेला नाही. शाळेच्या दाखल्यावर ती सुवर्णा आहे, आधारकार्डावर सुवर्ता, आणि अकरावीच्या हजेरीपटावर नुसतीच एस. एस. कसबे, कारण तिथल्या सरांनी वाद घालायचं सोडून दिलं. 'सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान, चांगली बातमी,' असं ती कळायला लागल्यापासून लोकांना समजावत आली आहे, आणि लोक बहुतेक वेळा 'मग सांग की एखादी' असं म्हणतात. सतरा वर्षांच्या मुलीला माणसागणिक नवी चांगली बातमी कुठून सुचावी?

तिचे वडील शांतवन जनावरांचा टेम्पो चालवतात. बेल्ह्याच्या बाजारातून गाई, गोऱ्हे, शेरडं घेऊन ते तालुकाभर फिरतात. टेम्पोच्या मागच्या फळीवर त्यांनी बायबलातलं मेंढपाळाविषयीचं एक वचन रंगवून घेतलंय. बाजारात नवीन आलेला व्यापारी ते वाचतो आणि मेंढरं काय भावानं दिली म्हणून विचारतो. शांतवन त्याला समजावत बसत नाहीत. मुलीच्या नावावरून जे समजवायचं ते त्यांचं एका जन्मापुरतं समजावून झालेलं आहे.

त्यांच्या वस्तीवर ख्रिस्ती घरं मोजकी. पत्र्याचं एक छोटं प्रार्थनामंदिर आहे. गाव त्याला चर्च म्हणतं आणि ही माणसं देऊळ म्हणतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला या घरांतून आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. सुवार्तानं एकदा जेवताना कारण विचारलं, तर शांतवननी भाकरी मोडता मोडता राज्यशास्त्राचा अख्खा पेपर सोडवून दिला.

"आपुन हुबं राह्यलो तर आपल्याला मत कोण देणार? आपलेच. आन् त्यातली बी दोन फुटायची. तेच्यापरीस लोकांनी राज्य करावं, आपुन तेंच्यासाठी प्रार्थना करावी. कुणाचं काय बिघडत नाय."

सुवार्ताला त्या दिवसापासून एकच गोष्ट बघायची होती. आपल्या नात्यातलं नसलेलं, देवळातलं नसलेलं, आपलं कसलंही देणं लागत नसलेलं कुणी माणूस आपल्याला कधी मत देतं का. सत्ता, पद, गाडीवरचा दिवा यातलं काही नको होतं. फक्त मत हवं होतं, आणि तेही एकदाच.

त्यामुळे 'उद्याचे सरपंच' नावाच्या निवासी शिबिरासाठी जुन्नरला मुलाखती आहेत असं कॉलेजच्या फळ्यावर लागलं, तेव्हा तिनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. पुण्याची कुठलीशी संस्था तरुण मुलामुलींना गावकारभाराचं शिक्षण देणार होती. शेवटच्या दिवशी लुटुपुटूची ग्रामसभा होणार होती आणि तिचा सरपंच मुलांनी मुलांतूनच मतदानानं निवडायचा होता. सुवार्तानं वस्तीवरच्या तुंबलेल्या गटारीवर बोलण्याची तयारी केली. मुलाखतीत ती गटारीच्या उताराबद्दल बराच वेळ बोलली. समोर संस्थेच्या वैजयंतीताई बसल्या होत्या. खादीचा कुडता, चेहरा प्रेमळ, आणि सगळ्यांनी 'मॅडम' न म्हणता 'ताई' म्हणावं यावर कडक कटाक्ष. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तू ख्रिश्चन ना गं?"

"हो."

"वा!" ताई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या बाईंकडे असं पाहिलं, की जणू भेळेत राहिलेली कैरी अखेर मिळाली.

सुवार्ता घरी येऊन म्हणाली, गटारीमुळं निवड झाली.

शिबिर आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या अलीकडं एका मंगल कार्यालयात होतं, कारण लग्नांचा हंगाम संपला होता आणि भाडं उतरलं होतं. मुलींची सोय 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत, मुलांची 'वरपक्ष'मध्ये. व्याख्यानं मुख्य मंडपात, जिथं स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या आणि मागच्या भिंतीवर थर्माकोलचे मोर. पंचायत राज व्यवस्थेचे तीन स्तर त्या मोरांच्या पिसाऱ्यावर चिकटवून शिकवण्यात आले.

दारातच पहिला घोटाळा झाला. सुवार्ताच्या घरी मोठ्या माणसाला भेटलं की 'सलाम' म्हणायची रीत. स्वयंपाकाच्या सरूबाई पाण्याचा हंडा घेऊन समोर आल्या, तशी ती सवयीनं म्हणाली, "सलाम, मावशी."

सरूबाईंनी तिला वरून खाली न्याहाळलं. "शिरखुर्मा येतो का गं तुला करायला? मला लई दिसाचा शिकायचाय."

"मावशी, आम्ही ख्रिस्ती."

"आगं मग केकवाले म्हण की!" सरूबाई म्हणाल्या. आपल्या आतिथ्यात काही कमी पडू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना पोहे आणि सुवार्ताला पोह्यांबरोबर एक उकडलेलं अंडं मिळू लागलं. तिनं मागितलं नव्हतं. पण 'तेंच्यात लागतं' असं सरूबाईंचं पक्कं मत होतं आणि ते बदलायला शिबिरात कुठलीच कार्यशाळा नव्हती.

त्या अंड्यामुळेच तिची जालिंदरशी ओळख झाली. जालिंदर आणे गावचा, धनगराच्या घरचा. पंगतीत तो शेजारी बसला होता.

"हे अंडं धर्माचं हाय का सरकारी?" त्यानं विचारलं.

"अर्धं घे, पण बडबड करू नको."

"अर्धं घेतो. बडबडीचं सांगता येत नाय."

जालिंदरची गत तिच्याहून काही बरी नव्हती. त्याच्या बापाचं आण्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि मेंढरांचा जालिंदरला इतका तिटकारा की लांबून कळप दिसला तरी शिंका यायच्या. पण निवडीच्या वेळी ताईंनी त्याला फोन करून सांगितलं होतं की येताना घोंगडी आणि काठी घेऊन ये. त्याच्या घरात घोंगडी नव्हती. त्यानं ती आळेफाट्यावरच्या दुकानातून नवी आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून काढली नव्हती, आणि शिबिर संपल्यावर परत करता येईल का याची दुकानदाराकडं खात्री करून घेतली होती.

"तुला काय आणायला सांगितलंय?" त्यानं विचारलं.

"मेणबत्ती," सुवार्ता म्हणाली.

शिबिराची सकाळ सर्वधर्म प्रार्थनेनं सुरू व्हायची. पहिल्या दिवशी ताईंनी सुवार्ताला बोलावलं आणि तुमचं काहीतरी म्हण असं सांगितलं. तिनं मांडी घातली, टाळ मागून घेतले आणि देवळात दर रविवारी म्हणतात तसं एक भजन सुरू केलं. चाल अस्सल गावाकडची. दुसऱ्या कडव्याला मागून जालिंदरनं स्टीलच्या ताटावर ठेका धरला, सरूबाई भांडी टाकून दारात आल्या आणि मान डोलवू लागल्या. भजन संपल्यावर ताईंच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, पण त्यातली निराशा लपत नव्हती.

"छान म्हटलंस गं. पण... तुमचं म्हण ना काहीतरी."

"हे आमचंच आहे, ताई."

"म्हणजे हो, तुमचंच. पण लोकांना कळायला हवं ना, तुमचं आहे ते."

बरीच चर्चा होऊन असं ठरलं की भजन नको. मेणबत्ती लावायची, डोळे मिटायचे, सुवार्तानं छोटीशी प्रार्थना म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरात 'आमेन' म्हणायचं. एका सुरात याच्यावर ताईंचा भर होता, कारण त्यातून एकात्मता दिसते. दुसऱ्या दिवशी आमेन विस्कळीत आलं, म्हणून ताईंनी त्याचा सराव करून घेतला. तिसऱ्या दिवशी बरं आलं. चौथ्या दिवसापासून असं झालं, की गेलेली लाईट आली तरी मंडपातून 'आमेन' उमटायचं, पंगतीत जिलबी आली तरी उमटायचं, आणि एकदा तर पंचायत समितीच्या रचनेवरचं लांबलेलं व्याख्यान संपलं तेव्हा इतकं मनापासून उमटलं की वक्त्यांना भरून आलं.

मग सरपंचाच्या निवडणुकीचा दिवस आला.

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की सरपंच समृद्धी होणार. समृद्धी म्हणजे बागायतदाराच्या घरची, बोलायला धीट. तिच्या घराण्यात सरपंचपद इतक्या वेळा येऊन गेलं होतं की घरातलं कुत्रंही सही करत असावं, असं तीच सांगायची. शिवाय समारोपाचे प्रमुख पाहुणे म्हणून येणारे माजी सभापती कुंडलिकराव तिचे चुलत आजोबा लागत. ताईंनी काही ठरवलं वगैरे नव्हतं. लोकशाहीत असं आधी ठरवत नाहीत. फक्त निमंत्रणपत्रिकेत 'सरपंच कु. समृद्धी' असं छापून आणलं होतं.

सुवार्तानं हात वर केला. "मला उभं राहायचंय."

ताईंनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ बाळा, तुझ्याकडे रोजची प्रार्थना आहे ना? मग बाकीच्यांनाही संधी मिळायला नको का? नेतृत्व म्हणजे मागे सरणंसुद्धा असतं."

"हो ताई. पण मागं सरायला आधी पुढं यावं लागतं ना?"

ताईंनी ते वाक्य आपल्या अहवालासाठी लक्षात ठेवलं आणि तिला उभं राहू दिलं.

प्रचाराचं काम जालिंदरनं आपण होऊन अंगावर घेतलं. "तू नुसती हसत राहा," तो म्हणाला, "बोलायचं खातं माझ्याकडं." वरपक्षाच्या खोलीत तो गादीगादीवर जाऊन बसला. इकडं वधूपक्षात समृद्धीचा प्रचार मात्र उलट्या दिशेनं चालला होता.

"मला नको गं बाई," ती अंथरुणात पाय पसरून म्हणत होती. "घरी जेवायला बसलं तरी सभाच असते. मला एकदा मागं बसून गोंधळ घालायचाय. तुमी द्या हिला. मी बी हिलाच देणार हाय."

मतदान गुप्त होतं, बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यात. मोजणी झाली, तर समृद्धीला बरी मतं पडली होती, पण सुवार्ताला जास्त. ताईंनी परत मोजली. जास्तच होती. सुवार्ता वधूपक्षाच्या संडासात जाऊन जरा रडून आली. एवढ्या लोकांनी, ज्यांच्यातल्या एकाशीही तिचं नातं नव्हतं, तिचं नाव कागदावर लिहिलं होतं. काहींनी तर बरोबर लिहिलं होतं.

निमंत्रणपत्रिकेवर मग समृद्धीच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवण्यात आली. पट्टी पातळ होती. उजेडात धरलं की समृद्धी दिसायची.

शेवटच्या दिवशी ग्रामसभा दुपारी भरली. नवरदेवाच्या खुर्चीत सरपंच सुवार्ता, नवरीच्या खुर्चीत ग्रामसेवक जालिंदर. ताईंच्या आग्रहाखातर त्यानं घोंगडी पांघरली होती आणि घामानं निथळत होता. घोंगडीला किमतीचं लेबल तसंच होतं, ते त्यानं आत दुमडलं होतं. फोटोला कार्यालयाचाच ठरलेला फोटोग्राफर होता. तो स्टेजसमोर आला आणि हयातभराच्या सवयीनं म्हणाला, "जरा जवळ सरका. वहिनी, मान थोडी खाली."

"वहिनी कोण?" जालिंदर म्हणाला. "मी का?"

हशा ओसरला आणि सभा सुरू झाली. गावाचं नाव आदर्शवाडी. विषय पुण्याहूनच लिहून आला होता: 'गावात उद्यान कोठे करावे?' सुवार्तानं तो वाचला आणि मत मागितलं. समृद्धी मागच्या रांगेत गोंधळ घालायला बसली होतीच, ती उठली.

"सरपंचबाई, कुठंबी करा. उद्यानात पहिला बिबट्याच बसणार हाय. झाडीत गारवा, आन् फिरायला आलेली माणसं आयती."

यावर आदर्शवाडी जी पेटली, ती आवरेना. इथल्या प्रत्येकाच्या घरी उसात बिबट्या दिसलेला होता, प्रत्येकाचा बाप रात्रीच्या लाईटला पाणी धरायला जात होता. उद्यान बाजूला राहिलं. वस्तीच्या रस्त्याला खांबावर दिवे पाहिजेत, असं एक जण ओरडला. दुसरा म्हणाला आधी शाळेला कंपाऊंड. ताई बाजूला उभ्या राहून 'उद्यान, उद्यान' असं ओठांनी सुचवत होत्या. सुवार्तानं दोघातिघांना नावानं हाक मारून खाली बसवलं, दिव्यांचा विषय घेतला आणि हात वर करायला सांगितलं.

एवढ्यात पहिल्या रांगेतून कुंडलिकराव बोलले. ते उठले नाहीत; त्यांना उठून बोलायची सवय नव्हती.

"पोरी, तो विषय पुढल्या सभेला ठेव. आधी कमिटी नेम. असं एकदम ठरवायचं नसतंय."

खरी सभा असती तर इथंच संपली असती, आणि दिवे पुढच्या सभेला, तिथून कमिटीला, तिथून कुठंतरी गेले असते. समोर पाहुणे, पाहुण्यांच्या मागं ताई, आणि ताई मानेनं 'हो म्हण, हो म्हण' करत होत्या.

"पावणं," सुवार्ता म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "पावणं, तुमी आदर्शवाडीच्या मतदार यादीत नाही. तुमाला मत देता येत नाही आणि विषय पुढं ढकलता येत नाही. चहा सांगते तुमाला. बसून घ्या."

ते बसलेलेच होते. पण तरी आणखी बसल्यासारखे झाले. मागच्या रांगेत समृद्धीनं तोंडात ओढणी कोंबली.

हात वर झाले. सुवार्तानं ठराव वाचायला घेतला. शब्द नीट यावेत म्हणून तिनं डोळे मिटून घेतले, आणि घोटाळा झाला तो तिथंच. मोठ्यानं बोलताना डोळे मिटायची सवय तिला एकाच कामासाठी होती.

"...उद्यानाचा निधी वस्तीच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी वापरण्यात यावा, असा ठराव ही ग्रामसभा एकमताने करीत आहे," ती म्हणाली. "आमेन."

"आमेन!" अख्खी आदर्शवाडी गरजली.

एका सुरात. इतक्या सुरेख सुरात ते शिबिरात आधी कधी आलं नव्हतं. घोंगडीतल्या ग्रामसेवकाचा आवाज सगळ्यात वर होता. स्वयंपाकघराच्या दारातून सरूबाईंचंही आलं, जरा मागून.

सुवार्तानं डोळे उघडले. ताई थर्माकोलच्या मोरासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. चारपाच मोबाईल वर धरलेले होते आणि चालू होते. गेले काही दिवस ज्या सुरासाठी ताईंनी जिवाचं रान केलं, तो सूर आता दहा सेकंदांची रील होऊन संस्थेच्या देणगीदारांपर्यंत कसा पोचेल, त्याखाली कोण काय लिहील, हे सगळं त्यांना लख्ख दिसलं. एकात्मता इतकी चांगली जमायला नको होती.

सगळे कुंडलिकरावांकडं बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे आमेन म्हंजे काय गं?"

"तसंच होवो," सुवार्ता म्हणाली. तिचा आवाज पुन्हा बारीक झाला होता.

"तसंच होवो." त्यांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "बरं हाय की. आमी 'मंजूर' म्हणतो, आन् तसं कधीच होत नाय."

हसायचं की नाही हे मंडपाला ठरवता येईना. आधी पाहुणे हसले, मग ताई हसल्या, सगळ्यांपेक्षा जोरात आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. संध्याकाळच्या अहवालात त्यांनी लिहिलं की ठराव 'एकमुखाने' संमत झाला. ते शब्दशः खरं होतं. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात फोटोही आला. त्याखाली 'शिबिरात सर्वधर्मसमभावाचे दर्शन: पारंपरिक वेशातील धनगर युवक व प्रार्थना सादर करताना कु. सुवर्णा' असं होतं. सरपंच कोण होतं ते बातमीत निमंत्रणपत्रिकेवरून घेतलं होतं, आणि बातमीदारानं पत्रिका बहुधा उजेडात धरली असावी.

पण ते सगळं दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी सुवार्ता हवेत होती. वधूपक्षात गाद्या गुंडाळताना ती समृद्धीला म्हणाली, "मला वाटलंच नव्हतं, इतकी जणं मला मत देतील."

"का नाय देणार?" समृद्धी उशीचा अभ्रा काढत म्हणाली. "तुझी प्रार्थना किती छोटी असती. बाकीचे बोलायला लागले की पाय मुंग्या येऊन मरतात. जालिंदरनं हेच सांगितलं सगळ्यांना. म्हणला, ही सरपंच झाली तर सभा चहाच्या आत संपणार. मी बी त्याच्यासाठीच दिलं. तसं तू चांगली बी हायेस."

सुवार्तानं गादीची दोरी आवळली, ती जरा जास्तच आवळली गेली. जिच्यातून सुटून खुर्चीत बसायला ती धडपडत होती, त्या प्रार्थनेनंच तिला खुर्चीत बसवलं होतं. निघताना ताईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "पुण्याच्या पुढच्या शिबिरालाही तू हवीस हं. प्रार्थनेसाठी. फक्त ते शेवटचं... ते आपण मनातल्या मनात म्हणू या."

"आणि निवडणुकीला उभं राहता येईल?"

"ते तर आता झालं ना तुझं," ताई मायेनं म्हणाल्या.

शांतवन मंचरला जनावरं उतरवून रिकामा टेम्पो घेऊन आले होते. जालिंदरलाही त्याच वाटेनं आण्याला जायचं, म्हणून तो मागं हौद्यात चढला. वास येतो म्हणून कुरकुरला, शिंकला, आणि केबिनच्या मागच्या बिनकाचेच्या खिडकीला तोंड लावून बसला. सुवार्ता बापाशेजारी पुढं. नारायणगाव मागं पडेपर्यंत ती बोलली नाही.

"रागावली का काय सरपंचबाई?" खिडकीतून आवाज आला.

"तू लोकांना सांगितलंस, मी प्रार्थना लवकर संपवते म्हणून मत द्या?"

"मग काय सांगू? गटारीच्या उताराचं सांगितलं असतं तर डिपॉझिट गेलं असतं राव. पडली ना मतं?"

"तू कशासाठी दिलंस?"

पिंपळवंडी आली आणि गेली.

"मी नाय दिलं," जालिंदर म्हणाला.

सुवार्ता वळली. "काय?"

"मी समृद्धीला दिलं. प्रचार केला, मत नाय दिलं. दोन्ही येगळी खाती हायेत." मग त्याला तेवढ्यावर सुटता येईना. "खरं सांगू का? मला वाटलं, तुझ्यानं व्हायचं नाय. लई हळू बोलती तू. म्हणलं कुंडलिकराव समोर बसला की ही डोळे मिटणार आन् तो म्हणंल तसं करणार. तू मिटले, पण तेला गप करून मिटले."

सुवार्ताला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण सबंध शिबिरात तिच्याबद्दल असं नीट विचार करून मत बनवणारा हाच एक माणूस निघाला होता, आणि त्यानं ते दुसरीला दिलं होतं.

"'पावणं, तुमी यादीत नाय' म्हणलीस ना," तो खिडकीतून पुढं म्हणाला, "तवाच वाटलं, चुकलं राव आपलं. आता घेतलं मतदान तर देतो."

"आता कोण घेतंय मतदान?"

"तू हायेस की अध्यक्ष. घे."

तिनं बापाकडं चोरून पाहिलं. शांतवनचं लक्ष रस्त्यावर होतं. ती खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "कु. सुवार्ता कसबे यांच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

जालिंदर रिकाम्या हौद्यात उभा राहिला, एका हातानं बाजूचा फाळका धरला आणि दुसरा हात चांगला उंच वर केला.

शांतवनना तो आरशात दिसला. जनावरांच्या गाडीत मागून हात वर झाला की काहीतरी पडलंय किंवा कुणीतरी सुटलंय, एवढाच त्याचा अर्थ त्यांना ठाऊक. त्यांनी कचकन ब्रेक दाबला. मागून येणारी एसटी त्याहून जोरात थांबली आणि हॉर्न वाजवू लागली.

"काय झालं? उतरायचं का तेला?"

"नाही पप्पा. मत देतोय तो."

"कुणाला?"

"मला."

शांतवननी आरशात पाहिलं. आळेफाट्याच्या अलीकडं, भर रस्त्यात, शेणानं भरलेल्या हौद्यात, आपल्या नात्यातलं नसलेलं आणि देवळातलं नसलेलं एक पोरगं हात वर करून उभं होतं. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हणत होता. शांतवन बराच वेळ पाहत राहिले.

"मोजलं का?" त्यांनी विचारलं.

"मोजलं."

"मग बसव तेला खाली," ते म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. "मागं येष्टी खोळंबलीय."